दूधगंगेत पहिली मोटरबोट उतरवताना

तुम्ही कर्नाटकातल्या दूधगंगाकाठच्या भोजचे. चौदा फुटी फायबरची नाव आणि दहा एचपीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, घेतलंय. पलीकडच्या मळ्यात माणसं आणि वैरण न्यायची, पावसाळ्यात गरज पडली तर पुरातही वापरायची, असा विचार आहे. इंजिनाची काळजी कशी घ्यायची, मागाहून पंधरा एचपीचं बसवावं का, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला चालवायला द्यावी का, हे तुम्ही विचारलंय. मी कृष्णाकाठचा. नावा चालवणं आणि ही इंजिनं दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, बाकीचं बहुतेक त्यातूनच निघतं. इंजिन बंद पडणार आहे, असं धरूनच नावेत बसायचं. नवं असो, जुनं असो, कुठल्याही कंपनीचं असो. पेट्रोलच्या टाकीचं हवेचं झाकण उघडायचं राहतं, पेट्रोलमध्ये पाणी येतं, केंदाळाचा (जलपर्णीचा) गुंता पंख्यात बसतो, नाहीतर कुणाचं तुटकं जाळं. समुद्रात इंजिन थांबलं तर नाव वाहत जाते आणि विचार करायला थोडा वेळ मिळतो. आपल्याकडे तो वेळ नाही. दूधगंगा-वेदगंगेवर कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, अक्कोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड अशी बंधाऱ्यांची रांगच आहे, आणि पुढे कृष्णेवर कल्लोळ-येडूर. इंजिन थांबलं की पाणी तुम्हाला त्यातल्या कुठल्यातरी बंधाऱ्याकडेच घेऊन जातं.

लोक मगरीला भितात आणि बंधाऱ्याजवळ बिनधास्त मासे धरतात. खरा धोका बंधाऱ्याचा आहे. वरच्या अंगाने येताना नावेत बसलेल्या माणसाला बंधारा नीट दिसतच नाही. पाण्यावर एक सरळ आडवी रेघ दिसते आणि तिच्या पलीकडे पाणी संपल्यासारखं वाटतं. ही रेघ ओळखायला शिका. बरगे, म्हणजे खांबांमधले गाळे अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असतात तेव्हा पाणी तुंबून संथ होतं, म्हणून माणूस गाफील राहतो. जास्तीचं पाणी बरग्यांवरून खाली पडतं, तळाशी जातं, थोडं पुढे उसळून वर येतं, आणि त्यातलं वरच्या थराचं पाणी परत बंधाऱ्याकडे ओढलं जातं. म्हणजे खालच्या बाजूने गेलेली नावसुद्धा बंधाऱ्याच्या तोंडाशी खेचली जाते. तिथलं पाणी फेसाळ असतं. हवा मिसळलेल्या पाण्यात पंख्याला पकड मिळत नाही. इंजिन नुसतं ओरडतं आणि नाव मागे येत नाही. लाइफ जॅकेट घातलेला माणूसदेखील त्या भोवऱ्यात पुन्हा पुन्हा खाली जातो. पावसाळ्याआधी बरगे काढले की पाणी खांबांमधल्या गाळ्यांतून सुसाट जातं. नाव तिथे खांबाला आडवी लागली तर वरच्या अंगाची कड पाण्याखाली जाते आणि ती उलटते. पुरात तर अख्खा बंधारा पाण्याखाली असतो आणि वरून नदी सपाट दिसते.

म्हणून माझी हद्द अशी आहे: बंधाऱ्याच्या वर दोनशे मीटर आणि खाली शंभर मीटर, त्याच्या आत इंजिन चालू असलं तरी जायचं नाही. काठावरच्या एखाद्या झाडाला चुन्याचा पट्टा मारून ठेवा, म्हणजे अंदाजावर राहायला नको. पावसाळ्यात बंधारा असलेल्या टप्प्यात नाव घालूच नका. आणि सवय अशी लावा, की काठ सोडल्यावर पहिली फेरी नेहमी वरच्या अंगाला. काही बिघडलं तर पाणीच तुम्हाला घाटाकडे आणून सोडेल. खाली जाऊन मग वर येऊ म्हणणारा इंजिनाच्या भरवशावर असतो.

इंजिन थांबल्यावर हाताशी दोन गोष्टी लागतात. पहिली, वल्ही. एक जोडी, नावेलाच दोरीने बांधलेली. दुसरी, नांगर. तुमच्या नावेला तीन-चार किलोचा घडीचा चार दातांचा लोखंडी नांगर पुरे, त्याला दीड-दोन मीटर साखळी, मग दोर. दोर खोलीच्या पाचपट तरी हवा: पाच मीटर पाण्यात किमान पंचवीस मीटर. आखूड दोरावर नांगर तळाला धरतच नाही, उचलला जाऊन घसरत राहतो. नांगर नेहमी नावेच्या पुढच्या टोकाला बांधायचा. मागे किंवा बाजूला बांधलात तर वाहत्या पाण्यात मागची फळी खाली ओढली जाते आणि इंजिनासाठी आधीच खाली कापलेल्या त्या जागेतून पाणी आत येतं. दोर गुंडाळून मोकळा ठेवा, वर वैरणीचा भारा टाकू नका, आणि शेजारी एक धारदार विळा ठेवा. नांगर कुठे अडकला आणि पाणी चढायला लागलं तर दोर कापता आला पाहिजे.

आता इंजिन. जुनं घेतलंय, तर नदीत नेण्याआधी अंगणात तपासा. दोनशे लिटरचं पिंप पाण्याने भरा, इंजिन भक्कम चौकटीला अडकवा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्यात बुडली पाहिजे. न्यूट्रलमध्ये हळू चालवा आणि मागून पाण्याची पिचकारी येते का बघा. आतला रबरी इम्पेलर नदीचं पाणी वर खेचून इंजिन थंड ठेवतो, आणि पिचकारी ही त्याची हजेरी. चालू केल्यावर थोड्याच वेळात धार आली नाही, तर लगेच बंद करा. इंजिन पाण्याबाहेर 'फक्त आवाज ऐकायला' म्हणून कधीच चालू करू नका. कोरडा इम्पेलर काही सेकंदांत खराब होतो. जुन्या इंजिनाचा इम्पेलर आधीच्या मालकाच्या शब्दावर न राहता बदलूनच टाका. पुढे दरवर्षी पावसाळा संपला की पुन्हा बदला, कारण आपल्या नद्यांचं गढूळ पाणी रबराला लवकर झिजवतं. गाळातून चालवलं असेल त्या दिवशी घरी आल्यावर पिंपातल्या स्वच्छ पाण्यात पाच-दहा मिनिटं चालवा.

खालच्या गिअरबॉक्सचं तेल बघा. खालचा स्क्रू जरा सैल केल्यावर दुधट तेल आलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरतंय. तेल भरताना नेहमी खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू आणि मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते. पंखा काढून त्याच्या मागे मासेमारीची तंगूस गुंडाळलेली आहे का पाहा. ती सीलला कापते आणि वरून दिसत नाही. शाफ्टला ग्रीस लावून पंखा बसवा. पंख्याची कॉटर पिन, आणि तुमच्या मॉडेलला शिअर पिन (पंखा आपटला की आधी तुटून इंजिन वाचवणारी) असेल तर तीही, सुट्या दोन-दोन, सोबत पकड, प्लगचा पाना आणि एक नवा प्लग, हे सगळं झाकणाच्या डब्यात घालून कायम नावेत ठेवा. सुटे भाग बेळगाव-निपाणीच्या बाजारात सहसा मिळत नाहीत. गोवा, मालवण किंवा कारवारकडून मागवावे लागतात, म्हणून इम्पेलरचा एक जोड घरात असू द्या.

टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. बहुतेक अलीकडच्या इंजिनांना पन्नासास एक, म्हणजे दहा लिटरला २०० मिली. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर पुस्तकाचं ऐका. इंजिन नुकतंच खोलून नवीन रिंगा टाकल्या असतील तर सुरुवातीला तेल जास्त लागतं. तेल 'टीसी-डब्ल्यू३' लिहिलेलंच घ्या. मोटरसायकलचं टू-टी तेल गरम, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. कोकणात रॉकेलवर चालणारी इंजिनं असतात, ती त्यासाठीच बनवलेली असतात. पेट्रोलच्या इंजिनात रॉकेल घालायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पेट्रोलबद्दल आणखी एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी ठराविक मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. त्यामुळे लागेल तेवढंच पेट्रोल आणा, महिन्यापेक्षा जुनं वापरू नका, आणि टाकी व इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. नाव काही दिवस लागणार नसेल तर शेवटी नळी काढून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. चालू न होणारी जी इंजिनं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच इंजिनांत बिघाड नसतो, कार्बोरेटरात जुन्या पेट्रोलचा चिकट थर असतो. टाकी भरताना ती नावेतून उतरवून जमिनीवर ठेवा. नावेच्या बुडाशी साचलेली पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही.

इंजिन बसवताना शाफ्टची लांबी मागच्या फळीशी जुळली पाहिजे. आखूड शाफ्टला सुमारे १५ इंचांची फळी लागते, लांब शाफ्टला २० इंचांची. पंख्यावरची आडवी पट्टी नावेच्या बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली आली की बरोबर. फार वर असेल तर वळताना पंखा हवा ओढतो, फार खाली असेल तर नाव जड होते आणि उथळात पंखा आपटतो. दोन्ही क्लॅम्पचे स्क्रू प्रत्येक वेळी निघताना आवळा, थरथरीने ते सैल होतात. इंजिनाला नावेशी जोडणारी सुरक्षेची साखळी किंवा दोर हवाच. रोज संध्याकाळी इंजिन घरी नेत असाल, तर ते उभंच न्या. आडवं ठेवावं लागलंच तर पंख्याची बाजू वरच्या भागापेक्षा उंच कधी करू नका, नाहीतर राहिलेलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं.

किल स्विचची लाल दोरी, जी निसटली की इंजिन बंद पडतं, चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला, अडचण होत असली तरी, बांधलेलीच. माणूस पाण्यात पडला आणि इंजिन चालू राहिलं तर हँडल एका बाजूला वळतं आणि नाव त्याच माणसाभोवती गोल फिरायला लागते, पंख्यासकट. सगळ्यांना लाइफ जॅकेट, १०० न्यूटन किंवा जास्त तरंगशक्तीचं, काठ सोडण्याआधीच घातलेलं. मुलाला मुलाच्या मापाचं. ट्रकच्या ट्यूबा आणि रिकामे कॅन हे जॅकेटच्या जागी चालत नाहीत.

चालवायला शिकताना एक गोष्ट लवकर ध्यानात घ्या. ट्रॅक्टरचं पुढचं चाक वळतं, पण नावेची शेपटी वळते. घाटापासून निघताना हँडल एकदम फिरवलंत तर नावेचा मागचा भाग दगडांवर जाईल. हँडल डावीकडे ढकलल्यावर नाव उजवीकडे जाते. गिअर नेहमी अगदी हळू वेगात, पण एका झटक्यात टाका. अर्धवट टाकलेल्या गिअरचे दात झिजतात. वेगात असताना एकदम थ्रॉटल सोडू नका, मागून आलेली तुमचीच लाट फळीवरून आत येते. नदी ओलांडताना सरळ पलीकडे तोंड न करता वरच्या अंगाला तिरकं ठेवा. पहिले काही दिवस हिवाळ्यात, दोन बंधाऱ्यांच्या मधल्या संथ टप्प्यात, सकाळी घालवा. एकदा मुद्दाम इंजिन बंद करून वल्ह्यावर घाटाला लागून पाहा, एकदा नांगर टाकून पाहा किती दोर सोडल्यावर धरतो. निघण्याआधी बुडाचा बूच लावलाय की नाही, हे हाताने चाचपून बघा. बूच राहिलेली नाव काठाजवळ कळत नाही, मधोमध गेल्यावर कळते.

काठाकाठाने जाताना उसाच्या मोटारी सांभाळा. दर थोड्या अंतरावर पाण्यात सोडलेले पाईप, फूटव्हॉल्व्ह, त्यांना बांधलेले तारेचे दोर आणि पाण्यातून ओढलेल्या विजेच्या केबली. पाणी उतरलं की पाईप वर दिसतात, चढलं की हातभर खाली लपतात. पाईपला पंखा लागला तर पंखा जातो, केबलला लागला तर माणूस जाऊ शकतो. काठापासून तीस-चाळीस मीटर लांब, नदीच्या मध्याकडे राहा, आणि काठाला लागायचं तर सरळ काटकोनात, हळू.

माणसं किती बसवायची? नावेची लांबी आणि रुंदी फुटांत मोजा, गुणाकार करा, पंधराने भागा. चौदा फूट गुणिले पाच फूट, म्हणजे सत्तर. भागिले पंधरा, साडेचारच्या जवळ. म्हणजे चार माणसं, तीही शांत पाण्यात. वैरणीचे दोन भारे असतील तर त्यांचं वजन माणसांतून वजा करा. ओला ऊस किंवा मका दिसतो त्यापेक्षा कितीतरी जड असतो. वजन खाली, मध्यावर आणि दोन्ही बाजूंना सारखं ठेवा. कुणीही उभं राहायचं नाही. शेळी-करडू पाय बांधून चालेल. म्हैस, बैल, गाय या नावेत घालू नका. घाबरलेलं जनावर एका बाजूला गेलं की नाव सावरत नाही. नाव उलटलीच तर तिला धरून राहा, काठ कितीही जवळ दिसला तरी पोहत निघू नका.

केंदाळ किंवा जाळं पंख्यात गुंतलं तर आधी इंजिन बंद, लाल दोरी काढलेली, मग इंजिन वर उचलून नावेतूनच सोडवा. पाण्यात उतरून नाही. कृष्णेत मगरी आहेत, दूधगंगेतही दिसतात. त्या ऊन खात काठावर बसलेल्या दिसल्या तर लांबून जा, त्यांचा रस्ता अडवू नका, आणि हात बाहेर लोंबकळत ठेवायची सवय कुणाला असेल तर मोडा.

पुराबद्दल मी कठोर बोलतो, रागावू नका. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये आपल्या भागाने काय पाहिलंय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गावात कुणाची नाव आहे म्हटल्यावर लोक दारात येतील आणि नाही म्हणणं अवघड जाईल. पण दहा एचपीची चौदा फुटी नाव मुख्य प्रवाहासाठी नाही. फार तर गावात शिरलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यात, दिवसाउजेडी, आणि तालुका प्रशासनाला किंवा अग्निशमन दलाला सांगून. हेस्कॉमने वीज बंद केली आहे याची खात्री झाल्याशिवाय तारांच्या जवळपास जाऊ नका. पाणी चढल्यावर डोक्यावरची तार हाताला लागेल इतकी खाली येते. बुडालेल्या विहिरी, काटेरी कुंपणं, पंख्यात जाणारे उभ्या उसाचे शेंडे, हे सगळं पाण्याखाली असतं. पुलाच्या किंवा मोरीच्या वरच्या बाजूला जाऊ नका, पाणी आत खेचतं. दोन माणसांचा नियम ठेवा: एक चालवणार, एक पुढे बसून बांबूने खोली तपासणार.

आणि पाणी कुठून येतं ते समजून घ्या. भोजमध्ये ऊन पडलेलं असताना नदी चढते, कारण पाऊस राधानगरी-भुदरगडात पडत असतो. दूधगंगेत काळम्मावाडी धरणाचा आणि वेदगंगेत पाटगाव धरणाचा विसर्ग येतो. शिवाय खाली कृष्णा फुगली की दूधगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. म्हणून जून ते ऑक्टोबर सकाळी नाव काढण्याआधी तीन बातम्या बघा: काळम्मावाडीचा विसर्ग, पाटगावचा विसर्ग, आणि कृष्णेची पातळी. तीनपैकी एकही चढती असेल तर नाव काठावर. मे महिन्यातला वळीव वेगळा: दुपारनंतर आभाळ काळं झालं की अर्ध्या तासात वादळी वारा आणि विजा. उघड्या पाण्यात सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. उन्हाळ्यात नावेचं काम दुपारी दोनच्या आत आटपा.

कागदपत्रांचं थोडक्यात: अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार इंजिनावर चालणाऱ्या नावेची तपासणी आणि नोंदणी लागते. बंधाऱ्याच्या तुंबलेल्या पाण्यात किंवा हिडकलसारख्या जलाशयात फिरवायची तर पाटबंधारे खात्यालाही विचारावं लागतं. पैसे घेऊन माणसं ने-आण करणं ही वेगळीच परवानगी आहे, ती नसताना शेजाऱ्याकडूनही भाडं घेऊ नका. पलीकडे दत्तवाडला लागलात तर तुम्ही महाराष्ट्रात आहात, म्हणून इंजिनाच्या पावतीची आणि नोंदणीची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत ठेवा.

पंधरा एचपीचं घेऊ नका. नावेच्या मागच्या फळीवर बांधणाऱ्याने कमाल एचपीची पाटी लावली असेल तर ती बघा. नसेल तर त्याला विचारा. तुमच्या कामाला, चार माणसं किंवा त्याहून कमी माणसं आणि दोन भारे, दहा पुरतं. पूर्ण वेगात दहाचं टू-स्ट्रोक तासाला चार-पाच लिटर पेट्रोल पितं, पंधराचं त्याहून जास्त. टाकीचा एक भाग जायला, एक यायला, एक राखीव, असं धरा. वाढलेल्या एचपीतून तुम्ही वेग विकत घेता, आणि आपल्या अरुंद, पाईपांनी भरलेल्या नदीत वेगाचा उपयोग नाही. ते पैसे चार चांगल्या लाइफ जॅकेटांवर आणि नव्या इम्पेलरवर घाला.

मुलाबद्दल. त्याला पोहता येत असेल, तर शिकवा, पण एकट्याला सोडू नका, आणि इंजिन लगेच त्याच्या हातात देऊ नका. येत्या हिवाळ्यात इंजिन घरीच ठेवा आणि त्याला महिनाभर नुसत्या वल्ह्यांवर नाव चालवू द्या, तुम्ही समोर बसून. पाण्याची ओढ कुठे जास्त, कुठल्या वळणावर नाव आपोआप काठाकडे जाते, वारा कुठून आला की वल्हं पुरत नाही, हे हातांना कळलं पाहिजे. मग इंजिन बसवा, लाल दोरी त्याच्या मनगटाला बांधा, आणि पहिल्याच दिवशी नदीच्या मध्ये जाऊन त्याला न सांगता इंजिन बंद करा. तो आधी नांगराकडे गेला की चालू करायची दोरी ओढत इंजिनाशी झटत बसला, ते बघा. नांगराकडे गेला तर पुढचं शिकवायला हरकत नाही.